ग्रिड, यादी आणि सातबारा

फोन, टॅब किंवा संगणकात साठवलेली कागदपत्रे पडद्यावर दोन तऱ्हांनी मांडता येतात. पहिल्या तऱ्हेत नावांची यादी असते: एका ओळीत एक फाइल, तिच्यापुढे तारीख आणि आकार. दुसऱ्या तऱ्हेत पडद्याचे चौकोन पाडलेले असतात आणि प्रत्येक चौकोनात त्या फाइलच्या पहिल्या पानाचे लहान चित्र दिसते. या मांडणीला ग्रिड म्हणतात आणि त्या लहान चित्राला थंबनेल. यादीत नाव वाचावे लागते, ग्रिडमध्ये नजर फिरवून पान ओळखायचे असते. ग्रिडचा सगळा उपयोग एका अटीवर उभा आहे: पाने दिसायला एकमेकांपासून वेगळी असली पाहिजेत. लग्नाचे फोटो, निमंत्रणपत्रिका, पुस्तकांची मुखपृष्ठे यांच्या बाबतीत ही अट पुरी होते. सरकारी कागदपत्रांच्या बाबतीत ती पुरी होत नाही, आणि महाराष्ट्रातल्या लहान शहरांत व खेड्यांत फोनमध्ये जपून ठेवलेले महत्त्वाचे कागद बहुतांशी सरकारीच असतात.

वर्धा जिल्ह्यातील पुलगाव हे याचे नेमके उदाहरण आहे. देवळी तालुक्यातले हे नगरपरिषदेचे शहर मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर आहे. कापसाचा बाजार, जुनी कापूस गिरणी आणि लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार यांमुळे त्याचे नाव दूरवर माहीत आहे. तहसील कचेरी देवळीला, जिल्हा कचेरी वर्ध्याला. शहराच्या पश्चिमेला वर्धा नदी वाहते आणि ती ओलांडली की अमरावती जिल्ह्यातला धामणगाव रेल्वे तालुका लागतो. नाचणगाव, गुंजखेडा यांसारखी गावे शहराला लागूनच आहेत. शेती एका गावात, घर दुसऱ्या गावात, बँक पुलगावात आणि कचेरी देवळीत अशी विभागणी या भागात नवी नाही. त्यामुळे कागद सोबत बाळगावे लागतात, आणि आता ते फोनमध्ये बाळगले जातात.

एखाद्या शेतकरी कुटुंबाच्या फोनमध्ये काय काय असते ते पाहिले की प्रश्न ध्यानात येतो. प्रत्येक गटाचा सातबारा, आठ-अ, वाटणीनंतरचे फेरफार, घरातल्या सगळ्यांची आधार कार्डे, पासबुकाचे पहिले पान, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर, मुलांच्या गुणपत्रिका, पीकविम्याची पावती. कापूस विकायचा तर सातबाऱ्यावर कापसाची नोंद लागते. २०२५च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीची नोंदणी ‘कपास किसान’ या मोबाइल ॲपवर आणली, म्हणजे सातबाऱ्याची फाइल फोनमधून शोधून ॲपवर चढवायची. पिकाची नोंद सातबाऱ्यावर यावी म्हणून २०२१पासून शेतकऱ्याने स्वतः ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये शेताचा फोटो काढायचा असतो. सेवानिवृत्त माणसाच्या घरी यात पेन्शनच्या आदेशाची भर पडते. हे सगळे कागद घाईत, कुणीतरी खिडकीपलीकडे थांबलेले असताना शोधायचे असतात. चुकीचा कागद चढवला तर अर्ज परत येतो आणि एक खेप वाया जाते.

हे कागद फोनमध्ये ज्या नावांनी येतात ती नावे काहीच सांगत नाहीत. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोचे नाव म्हणजे तारीख आणि वेळ यांचे आकडे. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलचे नाव अँड्रॉइड फोनमध्ये बहुधा तारीख आणि क्रमांक एवढेच उरते. शासनाच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या दाखल्याला बहुधा अर्जाचा लांबलचक क्रमांक चिकटलेला असतो. अशा फोल्डरची यादी उघडली तर ती आकड्यांची रांग होते. म्हणून माणूस ग्रिडकडे वळतो, आणि तसे वळण्यात त्याची काही चूक नाही. नाव निरुपयोगी असेल तर चित्राचाच आधार उरतो. अडचण अशी की हा आधार नेमक्या याच कागदांवर सर्वांत कमी चालतो.

त्याचे कारण मोजमापात आहे. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच असतो. साडेसहा इंची फोनचा पडदा सुमारे ६८ मिलिमीटर रुंद असतो. त्यात तीन उभे रकाने पाडले तर एका पानाच्या वाट्याला जेमतेम २१ मिलिमीटर येतात, म्हणजे पान दहापट लहान होते. कागदावर १२ पॉइंटमध्ये छापलेले अक्षर सव्वा पॉइंटवर येते, त्याची उंची अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. दोनच रकाने ठेवले तरी ते दोन पॉइंटपर्यंत पोचत नाही. संगणकावर जागा अधिक असते, पण तिथेही चित्राच्या आकाराला मर्यादा आहे. विंडोजमधला ‘एक्स्ट्रा लार्ज’ आकार २५६ पिक्सेलचा असतो. उभे ए-४ पान त्यात बसवले की १२ पॉइंटच्या अक्षराला उंचीत साडेतीन-चार पिक्सेल मिळतात. लिनक्सवर थंबनेलचा साधा ठरलेला आकार १२८ पिक्सेल आहे, तिथे याच्याही निम्मे. देवनागरीला शिरोरेषेवरची वेलांटी किंवा मात्रा, मधले अक्षर आणि खालचा उकार असे तीन थर लागतात. चार पिक्सेलांत ते बसत नाहीत. रोमन लिपीत छापलेला कागद या आकारात कदाचित एखाद्या मोठ्या शब्दापुरता ओळखू येईल. देवनागरी कागदावर शिरोरेषांचे राखाडी पट्टे उरतात.

वाचता येत नसले तरी आकारावरून ओळखता येईल, असे म्हणावे तर सातबारा त्यालाही दाद देत नाही. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही, हे दोन्ही एकाच ठरावीक आखणीत येतात. वर शीर्षक, त्याखाली गाव-तालुका-जिल्हा, मग भूमापन क्रमांक, डावीकडे क्षेत्र, उजवीकडे खातेदारांची नावे, खाली पिकांचे रकाने. राज्यातला कोणताही सातबारा लहान करून पाहिला की हीच आखणी दिसते. एकाच माणसाचे एक शेत देवळी तालुक्यात आणि दुसरे नदीपलीकडे धामणगाव रेल्वे तालुक्यात असेल, तर दोन उताऱ्यांमधला सगळा फरक तीन-चार शब्दांत आणि एका क्रमांकात असतो. एकाच गटाचे दोन वर्षांचे उतारे असतील तर फरक फक्त पीकवर्षाच्या आकड्यात. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपते, त्यामुळे ऑगस्टच्या तोंडावर काढलेले दोन उतारे काही दिवसांच्या अंतराने वेगळ्या वर्षांचे ठरू शकतात. थंबनेलमध्ये ते सख्खी जुळी भावंडे आहेत.

दाखल्यांचे तेच. उत्पन्नाचा, रहिवासाचा, नॉन-क्रीमी लेअरचा दाखला ‘आपले सरकार’ या शासकीय संकेतस्थळावरून मिळतो तेव्हा सगळ्यांची ठेवण सारखी असते. डोक्यावर चिन्ह, मध्ये मजकूर, खाली सही आणि पडताळणीची खूण. उत्पन्नाच्या आणि नॉन-क्रीमी लेअरच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. म्हणजे विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळी शोधायचा असतो तो चालू दाखला, आणि ग्रिडमध्ये गतवर्षीचा दाखला त्याच्या शेजारी तंतोतंत तसाच उभा असतो. मुदत संपल्याची तारीख सांगणारी ओळ कोणत्याही थंबनेलमध्ये दिसत नाही.

थंबनेल कसे बनते हे पाहिले तर यातला दोष अधिक स्पष्ट होतो. फोटोच्या बाबतीत काम सोपे असते. कॅमेऱ्याने काढलेल्या जेपीईजी फाइलमध्ये मूळ चित्राबरोबर १६० गुणिले १२० पिक्सेलचे छोटे चित्र बहुधा आधीच साठवलेले असते. पीडीएफचे तसे नाही. तिचे पहिले पान पूर्ण रंगवावे लागते आणि मग ते लहान करावे लागते. अँड्रॉइडमध्ये पीडीएफचे पान चित्रात रूपांतरित करण्याची सोय प्रणालीतच आली ती २०१४च्या पाचव्या आवृत्तीपासून. कमी मेमरीच्या फोनवर शंभर-दीडशे पीडीएफांचा ग्रिड उघडला की चित्रे एकेक करून उमटतात आणि तोवर बोट अडून राहते. शिवाय हे काम करणारा प्रोग्राम पानातले काय महत्त्वाचे आहे ते जाणत नाही. तो पहिले पान घेतो, कारण ते पहिले आहे. काही ॲप पूर्ण पान दाखवतात. गुगल ड्राइव्ह आणि व्हॉट्सॲप पानाचा वरचा तुकडा दाखवतात. फोनमधली गॅलरी बहुधा चौकोनी चित्रासाठी मधला भाग कापून घेते. सरकारी कागदाचा वरचा तुकडा म्हणजे चिन्ह आणि शीर्षक, म्हणजे सगळ्या कागदांना समान असलेला भाग. जो भाग फरक सांगतो तोच कापला जातो.

आधार कार्डाची गोष्ट याहून वेगळी आणि थोडी विचित्र आहे. संकेतस्थळावरून उतरवलेले ई-आधार पासवर्ड लावलेल्या पीडीएफच्या रूपात येते. नावाची इंग्रजीतली पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष मिळून आठ अक्षरांचा तो पासवर्ड असतो. कुलूप लागलेल्या फाइलचे पान प्रोग्रामला रंगवता येत नाही, त्यामुळे ग्रिडमध्ये कोरे चिन्ह दिसते. घरातल्या पाच जणांची पाच ई-आधारे म्हणजे पाच सारखी कोरी चिन्हे. मग लोक फाइल उघडून तिचा स्क्रीनशॉट काढतात. तो गॅलरीत फोटोसह छान दिसतो आणि सापडतो. सुरक्षिततेसाठी लावलेले कुलूप या एका गैरसोयीपायी रोज मोडले जाते, याची दखल ग्रिड आखणाऱ्यांनी घेतलेली दिसत नाही.

ग्रिडच्या बाजूने केला जाणारा युक्तिवादही भक्कम आहे आणि त्याला डावलून चालणार नाही. माणसाची चित्रस्मृती अफाट असते. लायनेल स्टँडिंग या मानसशास्त्रज्ञाने १९७३मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना हजारो चित्रे दाखवली आणि पाहिलेले चित्र ते मोठ्या प्रमाणात बरोबर ओळखतात असे आढळले. शब्द ओळखण्यापेक्षा चित्र ओळखणे त्यांना सोपे गेले. ज्यांना अक्षर सावकाश लागते किंवा ज्यांची जवळची नजर चाळिशीनंतर मंदावली आहे, त्यांना नावांची यादी हा अडथळाच असतो. शिधापत्रिकेचे उदाहरण इथे फार बोलके आहे. महाराष्ट्रात १९९९मध्ये शिधापत्रिका तीन रंगांत आली: पिवळी, केशरी आणि पांढरी. केशरी पुस्तिकेचा रंगीत फोटो गॅलरीत पाचशे फोटोंमध्ये असला तरी नजरेला चटकन सापडतो. आधार कार्डावरचा चेहरा आणि रंगीत पट्टा, पासबुकावरचा बँकेचा रंग, गुणपत्रिकेची नक्षीदार किनार यांचेही तसेच. रंग आणि चेहरा लहान केल्यावरही टिकतात. अक्षर टिकत नाही. ग्रिडची ताकद आणि त्याची हद्द या दोन वाक्यांत आहे.

ही ताकदसुद्धा झेरॉक्सच्या दुकानात हरवते. अर्जाच्या संकेतस्थळांना फाइल काही शे केबीच्या आत हवी असते, म्हणून दुकानदार कागद काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करतो. केशरी शिधापत्रिका राखाडी होते, आधारचा पट्टा राखाडी होतो, चेहऱ्याचा डाग होतो. फाइल लहान करण्याच्या अटीने थंबनेल ओळखण्याची एकमेव खूण पुसली जाते. रंगीत पण कमी दर्जाची स्कॅनप्रत बहुतेक वेळा त्याच मर्यादेत बसते, आणि दुकानांनी तिचा आग्रह धरावा हे सांगण्याजोगे आहे.

संगणकाच्या इतिहासाने ग्रिडचा हा अनुभव पूर्वीही घेतला आहे. झेरॉक्स कंपनीच्या १९८१च्या ‘स्टार’ संगणकात फाइल चिन्हरूपाने दिसू लागली, पण ते चिन्ह फाइलच्या जातीचे होते, तिच्या मजकुराचे नव्हे. विंडोज ९५मध्ये मोठी चिन्हे, लहान चिन्हे, यादी आणि तपशील अशा चार मांडण्या होत्या. २००१च्या विंडोज एक्सपीत थंबनेलची मांडणी घरोघरी पोचली, कारण डिजिटल कॅमेरे त्याच सुमारास येत होते. म्हणजे तिचा जन्मच फोटोंसाठी झाला. ॲपलने २००६मध्ये गाण्यांच्या ॲपमध्ये अल्बमची मुखपृष्ठे सरकवत पाहण्याची ‘कव्हर फ्लो’ ही मांडणी आणली आणि २००७मध्ये तीच संगणकातल्या सगळ्या फाइलींना लावली. गाण्यांच्या अल्बमचे मुखपृष्ठ हे ओळखू यावे म्हणूनच चितारलेले असते. हिशेबाच्या तक्त्याला किंवा पत्राला तसे मुखपृष्ठ नसते. २०१८मध्ये ॲपलने फाइलींसाठीची ही मांडणी काढून टाकली. फोटोंना शोभणारी गोष्ट कागदांना सरसकट लावायची, ही चूक फोनमध्ये आता पुन्हा होत आहे.

मराठी पुस्तकांच्या डिजिटल संग्रहांतही हीच चूक दिसते. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या ग्रंथालयातून स्कॅन झालेली अनेक जुनी पुस्तके इंटरनेट अर्काइव्हवर आहेत. त्यांतल्या कित्येकांचे पहिले पान म्हणजे ग्रंथालयाचा ठरावीक छापील कागद. शोध घेतला की ग्रिडमध्ये एकाच कागदाच्या वीस प्रती उभ्या राहतात आणि प्रत्येकीमागे निराळे पुस्तक असते. तिथे निदान खाली नाव लिहिलेले असते, म्हणून निभावते. सेवाग्रामला, म्हणजे पुलगावपासून जवळच, १९३६पासून राहिलेल्या गांधीजींचे समग्र वाङ्मय इंग्रजीत १०० खंडांत आहे. एकाच धाटणीच्या शंभर मुखपृष्ठांतून हवा तो खंड चित्रावरून कोणी काढू शकणार नाही. खंडाचा क्रमांक आणि त्यातला कालखंड हीच खरी वाट आहे.

जुन्या दप्तरखान्यांना ही वाट ठाऊक होती. पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दप्तर रुमालांत बांधलेले आहे. मोडी लिपीतले कागद लांबून पाहिले तर सारखेच दिसतात: एक सलग रेघ आणि तिला लटकलेली वळणे. म्हणून कारकून कागदाच्या दिसण्यावर विसंबत नसत. आलेल्या पत्रावर पैवस्तीची, म्हणजे ते पोचल्याची तारीख लिहिली जाई. कागद न उलगडता त्याची ओळख पटावी यासाठी ती एक ओळ पुरे. कागद सारखे दिसत असतील तर त्यांच्यावर फरक सांगणारी एक ओळ वाचता येईल अशी असावी, ही जुन्या दप्तराची रीत आजच्या पडद्यालाही तशीच लागू पडते.

वेगवेगळ्या साधनांवर ग्रिड वेगवेगळा वागतो, आणि त्याचा परिणाम सहसा विचारात घेतला जात नाही. फोनवर ग्रिडमुळे एका नजरेत अधिक फाइली दिसतात असा समज आहे. फोटोंसाठी तो खरा आहे, उभ्या कागदांसाठी नाही. साडेसहा इंची फोनवर कागदांच्या यादीत साधारण अकरा-बारा ओळी मावतात. तीन रकान्यांत उभे ए-४ पान आणि त्याखाली नाव ठेवले तर तेवढीच दहा-बारा पाने मावतात. मग ग्रिडने दिले काय, तर न वाचता येणारी चित्रे, आणि नावासाठी उरलेल्या अरुंद जागेत नाव मध्येच तुटते. ‘सातबारा नाचणगाव’ आणि ‘सातबारा गुंजखेडा’ ही दोन्ही नावे अशा जागेत ‘सातबारा…’ होतात. संगणकाच्या पूर्ण पडद्यावर यादीच्या चाळीसच्या आसपास ओळी दिसतात, तर सर्वांत मोठी थंबनेल त्याहून कमी.

टॅबवर मात्र ग्रिडला खरी जागा मिळते. दहा इंची पडद्यावर दोन-तीन रकान्यांत पान एवढे मोठे दिसते की शीर्षक वाचता येते आणि कधी कधी गावाचे नावही. शाळा-महाविद्यालयांत टॅबवर नोट्स चाळणाऱ्यांना ग्रिड आवडतो, कारण हाताने लिहिलेल्या नोट्स, आकृत्या, अधोरेखिते यांचे पान खरोखर वेगवेगळे दिसते. किंडलसारख्या ई-वाचकांवर पडदा बहुधा काळा-पांढरा आणि सावकाश बदलणारा असतो. तिथे विकत घेतलेल्या पुस्तकांची मुखपृष्ठे बरी दिसतात, पण स्वतः चढवलेल्या पीडीएफसाठी यादीच बरी.

साधन बदलले की ग्रिडमधली जागाही बदलते. फोन उभा असताना तीन रकाने, आडवा धरला की पाच, संगणकावर सात-आठ. काल उजव्या कोपऱ्यात दिसलेला कागद आज डावीकडे तिसऱ्या ओळीत असतो. यादीत असे होत नाही. यादीत वर-खालीचा क्रम कोणत्याही रुंदीच्या पडद्यावर तोच राहतो. हा मुद्दा किरकोळ नाही, कारण माणूस वस्तू शोधतो ती पुष्कळदा जागेच्या आठवणीने. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी १९९८मध्ये ‘डेटा माउंटन’ नावाची मांडणी तपासली होती. तिच्यात लोक शंभर वेबपानांची लहान चित्रे पडद्यावरच्या एका उतारावर आपल्या मर्जीने ठेवत आणि नंतर ती शोधत. नेहमीच्या यादीपेक्षा ती लवकर सापडली. काही महिन्यांनी पुन्हा बोलावले तेव्हाही लोकांना जागा आठवत होत्या. तिथे जागा माणसाने स्वतः ठरवली होती आणि ती हलत नव्हती. आजच्या ग्रिडमध्ये जागा प्रोग्राम ठरवतो, नवी फाइल आली की बाकीच्या सगळ्या एकेक घर सरकतात. डेटा माउंटनचा दाखला ग्रिडच्या बाजूने दिला जातो तेव्हा हा फरक सांगायचा राहून जातो.

अंध व्यक्तींसाठी ग्रिडचा प्रश्न आणखी साधा आहे. टॉकबॅक किंवा एनव्हीडीए यांसारखी पडदा वाचून दाखवणारी साधने ग्रिडमधले चित्र सहसा वाचत नाहीत, फाइलचे नाव वाचतात. ज्या फाइलीला अर्थपूर्ण नाव नाही ती त्यांच्यासाठी मुकी आहे.

यावर लोकांना ‘फाइलींना नीट नावे द्या’ असे सांगून मोकळे होणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. फोनवर देवनागरी टंकलेखन अजून अनेकांना जड जाते. नाव बदलण्याची सोय ॲपच्या आत दोन-तीन पायऱ्या खोल असते. वर्षातून चार वेळा लागणाऱ्या कागदासाठी रोजच्या धकाधकीत एवढा खटाटोप कोणी करत नाही. नाव देण्याचा भार कागद तयार करणाऱ्यावर असला पाहिजे. दाखला देणाऱ्या यंत्रणेला तो कोणाचा, कशाचा आणि कोणत्या वर्षाचा आहे हे आधीच माहीत असते. तीच माहिती फाइलच्या नावात घालायला एक ओळीचा बदल पुरतो. ‘७-१२ नाचणगाव’, मग गट क्रमांक, मग पीकवर्ष अशा नावाची फाइल उतरली असती तर यादी आपोआप उपयोगी झाली असती. २०१८पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळतो आणि त्यासाठी १५ रुपये घेतले जातात. या शुल्कात वाचता येईल असे नाव बसावे ही अपेक्षा अवाजवी नाही. डिजीलॉकर या सरकारी सेवेने २०१५पासून याहून शहाणपणाची रीत ठेवली आहे. त्यात मिळालेल्या कागदांची यादी पानाच्या चित्राने दिसत नाही, कागदाचे नाव आणि देणाऱ्या विभागाचे नाव दिसते. पण डिजीलॉकरमधून फाइल फोनमध्ये उतरवली, व्हॉट्सॲपवर पुढे पाठवली की ही ओळख वाटेत गळून पडते.

दुसरा उपाय थंबनेलच सुधारण्याचा आहे, आणि तो तंत्राने पूर्ण शक्य आहे. मेरीलँड विद्यापीठातील संशोधकांनी २००३मध्ये चित्रातला महत्त्वाचा भाग ओळखून तेवढाच कापून थंबनेल बनवण्याची पद्धत मांडली होती. त्याआधी २००१मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी वेबपानाच्या लहान चित्रावर शोधलेले शब्द मोठ्या अक्षरांत उमटवून पाहिले, आणि नुसता मजकूर किंवा नुसते लहान चित्र यांपेक्षा हा मेळ अधिक भरवशाचा ठरला. सरकारी नमुन्यांच्या बाबतीत हे काम आणखी सोपे आहे, कारण महत्त्वाचा भाग कुठे आहे ते नमुन्यातच ठरलेले असते. सातबाऱ्याच्या थंबनेलमध्ये पूर्ण पान न दाखवता गाव, भूमापन क्रमांक आणि वर्ष एवढीच पट्टी मोठी करून दाखवली, तर ग्रिड वाचता येईल. फोटो काढलेल्या कागदातून देवनागरी अक्षरे ओळखणारी साधने आज उपलब्ध आहेत. टेसरॅक्ट या मुक्त प्रोग्रामला मराठी येते, गुगलच्या लेन्सलाही येते. अक्षरओळखीत एखादी मात्रा चुकली तरी गट क्रमांक आणि गावाचे नाव बहुधा हाती लागते. कागदाचे पूर्ण चित्र दाखवणे हे प्रोग्रामला सोपे आहे म्हणून होते. वापरणाऱ्याला जे हवे ते त्यात नसते.

तोवर हाताशी असलेल्या सोयी वापरता येतात. ‘फाइल्स’सारख्या ॲपमध्ये आणि गुगल ड्राइव्हमध्ये ग्रिड व यादी यांच्यात बदल करणारे बटण असते. पीडीएफसाठी यादी आणि फोटोंसाठी ग्रिड अशी विभागणी केली की अर्धे काम होते. माणसागणिक एक फोल्डर केले तर एका फोल्डरमध्ये पंधरा-वीसच कागद उरतात, आणि तेवढ्यांत चित्रही चालते. मुदत संपलेले दाखले वेगळ्या फोल्डरमध्ये हलवले की जुळ्यांतला एक समोरून जातो. फोटो काढताना कागदाच्या वरच्या कोऱ्या जागेशेजारी मोठ्या अक्षरांत गावाचे नाव आणि वर्ष लिहिलेली चिठ्ठी ठेवली तर ती थंबनेलमध्येही दिसते. मूळ कागदावर काही लिहावे लागत नाही.

दुकानाच्या पडद्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो खासगीपणाचा आहे. स्टेशन रोडवर असो की बाजारात, अर्ज भरून देणाऱ्या दुकानातला संगणक दिवसभर अनेकांचे कागद उतरवून घेतो. ते सगळे एकाच ‘डाउनलोड’ फोल्डरमध्ये साचतात. हे फोल्डर मोठ्या थंबनेलमध्ये उघडे असले की काउंटरपुढे उभ्या असलेल्या प्रत्येकाला आधीच्या गिऱ्हाइकांचे चेहरे दिसतात, त्यांची कार्डे दिसतात, दुकानाचा पडदा मोठा असेल तर नावेही. यादीत निदान चेहरा दिसत नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने दुसऱ्याची माहिती हाताळणाऱ्यावर जबाबदारी टाकली आहे. काम झाल्यावर फाइल पुसणे हा त्यातला किमान भाग. पण फाइल पुसली तरी तिचे लहान चित्र उरू शकते. विंडोज एक्सपी प्रत्येक फोल्डरमध्ये ‘थंब्स डॉट डीबी’ नावाची लपलेली फाइल ठेवत असे. व्हिस्टापासून ही चित्रे वापरकर्त्याच्या खात्यात एका ठिकाणी साठवली जातात. मूळ फाइल गेल्यावरही ती तिथे काही काळ राहतात. दुकानदाराने ‘डिस्क क्लीनअप’मध्ये थंबनेलचा पर्याय निवडून ती वेळोवेळी पुसावीत, फोल्डर तपशिलाच्या मांडणीत ठेवावे, आणि गिऱ्हाइकाने जिथे चालते तिथे शेवटचे चारच आकडे दाखवणारे मास्क केलेले आधार द्यावे.